स्वेटर, हातविणीचा : अंतिम संस्करण व मापाची पारख

सुयांवर विणलेल्या स्वेटरचे शेवटचे टाके बंद झाल्यापासून तो अंगावर घालण्याजोगा होईपर्यंत त्यावर ज्या क्रिया केल्या जातात, त्यांना एकत्रितपणे अंतिम संस्करण म्हणतात. विणलेले भाग ओलवून व पसरून त्यांचा आकार बसविणे, ते एकमेकांस जोडणे, गळ्याची व गुंड्यांची पट्टी विणणे, लोकरीची सुटी टोके लपविणे आणि तयार वस्त्र अंगाला कसे बसते हे पारखणे, या त्यांतील प्रमुख क्रिया होत. सुयांवरून उतरते त्या वेळी हाती फक्त पाठ, पुढचा भाग आणि दोन बाह्या असे कडांशी वळलेले चार तुकडे व त्यांना लोंबणारी टोके असतात. मध्यम जाडीच्या लोकरीने विणलेल्या प्रौढ व्यक्तीच्या स्वेटरमध्ये पन्नास हजारांहून अधिक टाके असतात व त्यास सु. ५०० ग्रॅ. लोकर लागते. एवढ्या श्रमाने केलेले वस्त्र न वापरता पेटीत पडून राहते, तेव्हा त्याचे कारण विणीतील चूक हे क्वचितच असते. बहुधा ते विणण्यापूर्वी न घेतलेल्या मापात आणि विणून झाल्यावर केलेल्या घाईत सापडते.

विणीचे स्वरूप : मराठीत मागावरचे कापडही ‘विणतात’ आणि सुयांवरचा स्वेटरही ‘विणतात’. क्रियापद एकच असले, तरी दोन्ही वस्त्रांची रचना मुळातच निराळी आहे. मागावर उभे व आडवे असे दोन सरळ धागे एकमेकांस काटकोनात छेदतात. स्वेटरमध्ये एकच धागा पाशांच्या रूपाने स्वतःतूनच ओवला जातो. हे पाश ताण येईल तसे आकार बदलतात. म्हणून विणलेला तुकडा आडवा ओढला तर रुंदावतो व त्याच वेळी उंचीला कमी होतो, उभा ओढला तर लांबतो व अरुंद होतो. शिंप्याच्या कापडाची रुंदी ठरलेली असते, स्वेटरच्या तुकड्याची रुंदी काही अंशी तो कसा वाळविला यावर ठरते. एक ओळ सुलट व एक ओळ उलट अशा साध्या विणीच्या उभ्या कडा मागील बाजूस आणि वरची व खालची कड पुढील बाजूस वळते. हा विणणाऱ्याचा दोष नव्हे. पाशाची पुढची व मागची बाजू सारखी नसल्याने तसे होते आणि इस्त्रीने ते कायमचे जात नाही. दोन सुलट-दोन उलट किंवा एक सुलट-एक उलट अशा पट्टीत दोन्ही बाजूंचा ताण समतोल होतो, म्हणून घेर, मनगट व गळा येथे अशी पट्टी घालतात.

स्वेटरच्या आकाराचे आणि जोडणीचे प्रकार त्याच्या इतिहासातून आलेले आहेत. ‘स्वेटर’ हे नाव घाम या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून पडले असून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यायामाच्या वेळी खेळाडू घालीत त्या जाड लोकरी वस्त्राला ते लावले गेले. त्याहून जुनी परंपरा ब्रिटिश बेटांच्या किनाऱ्यावरील कोळ्यांच्या लोकरी सदऱ्यांची आहे. इंग्लिश खाडीतील गर्न्सी व जर्सी या बेटांची नावे अशा वस्त्रांना मिळाली. हे सदरे बारीक सुयांवर, घट्ट व गोलाकार विणले जात. त्यांना बाजूची शिवण नसे. पुढचा व मागचा भाग बहुधा सारखाच असल्याने ते कोणत्याही बाजूने घालता येत. काखेत चौकोनी जोड विणलेला असे, त्यामुळे हात वर उचलला तरी सदरा वर ओढला जात नसे. बाह्या खांद्याकडून मनगटाकडे विणीत. कोपर वा मनगट झिजले म्हणजे तेवढाच भाग उसवून पुन्हा विणता येई. शेटलंड बेटांतील फेअर आइल येथील रंगीत नक्षीचे स्वेटरही गोलाकार विणून नंतर मुंढ्याच्या वा पुढच्या उभ्या रेषेवर चक्क कात्रीने कापले जात. १९२२ मध्ये त्या वेळच्या प्रिन्स ऑफ वेल्सने असा स्वेटर गोल्फच्या मैदानावर घातल्याने त्याची लोकप्रियता वाढली. सुटे भाग विणून ते शिवण्याची पद्धत शिंपीकामाच्या आकारांचे अनुकरण करीत विसाव्या शतकात छापील नमुन्यांबरोबर घरोघर रूढ झाली आणि तिच्याबरोबरच जोडणीचे कौशल्य हा स्वतंत्र विषय झाला.

भारतात मागावरील विणकाम प्राचीन आहे, पण सुयांवरील वीण मुख्यतः यूरोपीय संपर्कानंतर प्रसार पावली. एकोणिसाव्या शतकातील मिशनऱ्यांच्या कन्याशाळांत शिवणकामाबरोबर ती शिकविली जाई. पंजाबातील लुधियाना हे यंत्रावर विणलेल्या लोकरी कपड्यांचे मोठे केंद्र आहे. महाराष्ट्रात थंडी बेताची असली, तरी हातविणीला घरगुती जीवनात विशेष स्थान मिळाले ते बाळंतविड्यामुळे. टोपडे, स्वेटर व मोजे यांचा जोड बाळासाठी घरी विणण्याची चाल अनेक कुटुंबांत आहे.

नमुना तुकडा व आकडेमोड : अंतिम संस्करणाची तयारी खरे तर पहिला टाका घालण्यापूर्वीच करावी लागते. ज्या लोकरीचा व ज्या सुयांचा स्वेटर करावयाचा, त्यांनीच सु. १५ सेंमी. चौरस तुकडा विणून, स्वेटर जसा धुवावयाचा तसाच तो धुऊन व वाळवून, मध्यभागी १० सेंमी. अंतरात किती टाके व किती ओळी बसतात ते मोजतात. कडेचे टाके वेडेवाकडे असल्याने ते मोजणीत धरत नाहीत. हा तुकडा म्हणजे वाया गेलेली संध्याकाळ असे पुष्कळांना वाटते. पुढील हिशेब पाहिल्यास तसे वाटू नये. छातीचा घेर ९० सेंमी. असून त्यात ८ सेंमी. सैलपणा ठेवावयाचा, तर तयार घेर ९८ सेंमी. व पाठीची रुंदी ४९ सेंमी. हवी. १० सेंमी. मध्ये २२ टाके बसत असतील, तर सु. १०८ टाके आणि शिवणीत जाणारे दोन मिळून ११० टाके घालावे लागतात. प्रत्यक्षात हात सैल असून १० सेंमी. मध्ये २० च टाके बसत असतील, तर त्याच १०८ टाक्यांची रुंदी ५४ सेंमी. व पूर्ण घेर १०८ सेंमी. होतो, म्हणजे स्वेटर १० सेंमी.ने मोठा होतो. उलट २४ टाके बसत असतील, तर घेर ९० सेंमी. एवढाच भरतो व सैलपणा मुळीच उरत नाही. १० सेंमी. मध्ये दोन टाक्यांचा फरक डोळ्यांना दिसतही नाही. स्वेटरचे अर्धेअधिक दोष या न दिसणाऱ्या फरकातून उद्भवतात. ओळींची संख्या चुकली तर तेवढे बिघडत नाही, कारण उंची फीत लावून विणता विणता मोजता येते. मात्र मुंढा व बाहीचा वरचा गोल ओळींवर अवलंबून असल्याने तेथे ती पाहावी लागते.

आकार बसविणे : लोकर केराटीन या प्रथिनाची बनलेली असते [⟶ लोकर]. हवेतील ओलावा आपल्या वजनाच्या सु. ३० टक्क्यांपर्यंत शोषूनही ती स्पर्शाला ओली लागत नाही. पाण्यात भिजल्यावर तिच्या रेणूंमधील हायड्रोजन बंध सुटतात आणि वाळताना, तंतू ज्या स्थितीत असतील त्या स्थितीत, ते पुन्हा जुळतात. केस ओले असताना वळवून वाळविले, तर वळण धरतात. येथे घडते ते तेच. सुयांवर ओढाताण झालेले पाश पाण्यात सैल होऊन आपापल्या जागी बसतात, लहानमोठे टाके एकसारखे दिसू लागतात आणि तुकड्याला ठरविलेला आकार देता येतो. पुढच्या वेळी स्वेटर धुतला की हे बंध पुन्हा सुटतात. म्हणून ही क्रिया एकदाच करून संपत नाही. प्रत्येक धुलाईनंतर स्वेटर तसाच पसरून वाळवावा लागतो.

यासाठी कोमट, ३०° से.पेक्षा अधिक गरम नसलेल्या पाण्यात सौम्य साबण विरघळवून त्यात तुकडे सु. पंधरा-वीस मिनिटे नुसते बुडवून ठेवतात. ते चोळणे, घासणे वा पिळणे कटाक्षाने टाळावे. लोकरीच्या तंतूंवर सूक्ष्म खवले असतात; उष्णता, पाणी व घर्षण ही एकत्र आली की ते एकमेकांत अडकून तुकडा आटतो व नमद्यासारखा घट्ट होतो. तो पूर्ववत करता येत नाही. खंगाळण्याचे पाणीही साधारण त्याच तापमानाचे घेतात. बाहेर काढताना तुकडा दोन्ही हातांनी खालून आधार देऊन उचलतात, कारण ओली लोकर जड व दुबळी असते आणि एका टोकाला धरल्यास स्वतःच्या भारानेच लांबते. नंतर तो जाड टॉवेलात गुंडाळून दाबला की बरेचसे पाणी निघून जाते. सतरंजीवर किंवा गादीवर कोरडी चादर अंथरून तीवर तुकडा उलट बाजू वर करून ठेवतात आणि ठरविलेल्या मापाप्रमाणे फीत लावून, न गंजणाऱ्या टाचण्यांनी कडेकडेने टाचतात. टाचण्या दूर दूर लावल्यास कडेला झालरीसारखे दाते पडतात. पट्टीचा भाग ताणून टाचू नये, कारण त्याची लवचिकता हाच त्याचा उपयोग. दोन्ही बाह्या एकमेकींवर ठेवून पाहिल्यास त्यांत फरक आहे काय ते याच वेळी कळते. तुकडे पूर्ण वाळल्याशिवाय टाचण्या काढीत नाहीत; पावसाळ्यात यास दोन-तीन दिवसही लागतात. शेटलंडमध्ये तयार स्वेटर लाकडी चौकटीवर चढवून वाळविण्याची पद्धत आहे. चौकटीच्या पट्ट्या हव्या त्या मापाला बसविता येत असल्याने सगळे स्वेटर एका मापाचे निघतात.

सर्व धाग्यांना ही रीत सारखी लागू पडत नाही. बाजारात ‘लोकर’ म्हणून मिळणारा पुष्कळसा धागा प्रत्यक्षात ॲक्रिलिकचा असतो. त्याला पाण्याने आकार येत नाही. वाफेच्या उष्णतेने येतो, पण इस्त्री टेकली तर तंतू मऊ पडून वीण कायमची लुळी होते आणि पट्टीतील ताण जातो. ॲक्रिलिकवर इस्त्री बोटभर अंतरावर धरून थोडी वाफ देणे एवढेच पुरे. सुती धाग्यात लोकरीसारखी परत आकुंचन पावण्याची शक्ती नसते, म्हणून सुती स्वेटर वापराने खाली ओघळतो व त्याचे माप प्रारंभीच थोडे आखूड धरावे लागते. यंत्रात धुण्याजोगी म्हणून विकली जाणारी लोकर खवले घालवून किंवा झाकून केलेली असते; ती आटत नाही, मात्र ओली झाली की बरीच पसरते. अशा लोकरीचा नमुना तुकडा धुतल्याशिवाय मोजणे व्यर्थ होय.

जोडणी : शिवण्यासाठी भोथऱ्या टोकाची, मोठ्या नेढ्याची सुई व शक्यतो तीच लोकर वापरतात. लोकर फार फुगीर किंवा गाठींची असेल, तर त्याच रंगाचा गुळगुळीत धागा घ्यावा. पक्की शिवण घालण्यापूर्वी सर्व भाग निराळ्या रंगाच्या सुती दोऱ्याने धावदोरा घालून जोडावे व वस्त्र एकदा अंगावर चढवून पाहावे. शिंपी कच्च्या शिलाईवर कपडा घालून पाहतो त्याचप्रमाणे ही कच्ची जोडणी असते, आणि या टप्प्यावर सापडलेला दोष अर्ध्या तासात दूर करता येतो.

जोडणीचा क्रम बहुधा खांदे, गळ्याची पट्टी, बाह्या व शेवटी काखेपासून खाली बाजू आणि बाहीची लांब शिवण असा असतो. स्वेटरचा सगळा भार खांद्यांच्या शिवणीवर लोंबतो, म्हणून ती ताणली जाणार नाही इतकी घट्ट असावी. जड स्वेटरमध्ये तिच्या आतून सुती फीत शिवतात. खांद्याचे टाके बंद न करता सुयांवरच ठेवून पुढचे व मागचे टाके जोडीजोडीने एकत्र विणीत बंद केले, तर शिवण सपाट व मजबूत होते. दोन्ही बाजूंचे सुटे टाके सुईने पाशाचीच वाट अनुसरून गुंफण्याची, किचनर याच्या नावाने ओळखली जाणारी एक पद्धत आहे. तिच्यात जोड दिसतच नाही. तथापि खांद्यासारख्या भार सोसणाऱ्या जागी ती वापरणे इष्ट नाही. मोज्याच्या बोटांकडील टोकाला ती उत्तम.

बाजूच्या उभ्या कडा जोडताना दोन्ही तुकडे सुलट बाजू वर करून शेजारी शेजारी ठेवतात. कडेचा पहिला टाका व दुसरा टाका यांमध्ये शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे धागे दिसतात. सुई एकदा या तुकड्यातील व एकदा त्या तुकड्यातील पायरीखालून नेत पाच-सहा ओळी झाल्या, की दोरा हळूच ओढतात. दोन्ही कडा आत वळतात व वीण अखंड असल्यासारखी दिसते. प्रत्येक कडेचा एक टाका शिवणीत जातो, तो प्रारंभीच्या हिशेबात धरलेला असावा. दोन्ही बाजूंच्या ओळी सारख्या असल्याने एक ओळ इकडची व एक तिकडची घेत गेल्यास शेवट आपोआप जुळतो. तो जुळला नाही, तर एका तुकड्यात ओळी कमी विणल्या गेल्या आहेत हे उघड होते, आणि ताणून जुळविण्यापेक्षा तो तुकडा उसवणेच योग्य. बाही मुंढ्यात बसविताना मात्र असा ओळीस ओळीचा मेळ नसतो. तेथे बाहीच्या गोलाचा मध्य खांद्याच्या शिवणीशी व दोन्ही टोके काखेशी टाचून मधले अंतर सारखे वाटून घेतात. कापडाच्या बाहीत गोलाची लांबी मुंढ्यापेक्षा थोडी जास्त ठेवून ती चुणीने आत घेतात. विणलेल्या वस्त्रात ताणामुळे तेवढी जास्त लांबी लागत नाही. ती ठेवल्यास खांद्यावर फुगा येतो.

गळ्याच्या पट्टीसाठी गळ्याच्या कडेने टाके उचलतात. आडव्या बंद केलेल्या कडेवर एका टाक्यास एक व उभ्या कडेवर चार ओळींस सु. तीन टाके हे प्रमाण साध्या विणीस सामान्यतः जुळते, कारण टाका उंचीपेक्षा रुंदीला मोठा असतो. टाके जास्त उचलले गेले तर पट्टी लाटांसारखी उभी राहते, कमी उचलले गेले तर गळा आवळतो. बंद गळ्याच्या स्वेटरमध्ये ताणल्यावर पट्टीतून डोके सहज जावे लागते. प्रौढांच्या डोक्याचा घेर सु. ५५ ते ५८ सेंमी. असतो, म्हणून पट्टीचे टाके एक-दोन क्रमांकांनी मोठ्या सुईवर सैल बंद करतात. उत्तम विणलेला स्वेटर केवळ घट्ट बंद केलेल्या गळ्यामुळे अंगात जात नाही, असे वारंवार घडते. सुदैवाने हा दोष एक ओळ उसवून जातो.

पुढे उघडणाऱ्या स्वेटरला सातवा अर्ल ऑफ कार्डिगन या ब्रिटिश सेनानीच्या नावावरून ‘कार्डिगन’ म्हणतात. त्याच्या गुंडीपट्टीत टाक्यांचे प्रमाण आणखी काटेकोर असावे लागते. पट्टी आखूड झाल्यास पुढचे दोन्ही पाखे वर ओढले जातात, लांब झाल्यास ते लोंबतात. यास्तव प्रथम गुंड्यांची पट्टी विणून तीवर गुंड्यांच्या जागा टाचणीने खुणावून घेतात आणि त्यांवरून दुसऱ्या पट्टीत काजे विणतात. एक गुंडी छातीच्या सर्वांत रुंद रेषेवर येईल अशी योजना करावी. नाहीतर तेथेच पट्टी फाकते. काज विणीमुळे ताणले जात असल्याने ते गुंडी जेमतेम जाईल इतके लहान ठेवतात.

लोकरीची टोके गाठ मारून कापणे अयोग्य, कारण गाठ आज ना उद्या सुलट बाजूस येते. किमान ८–१० सेंमी. टोक ठेवून ते उलट बाजूने शिवणीत किंवा पाशांच्या वाटेने आधी एका दिशेने व मग परत उलट दिशेने ओवावे. वस्त्र धुऊन झाल्यावरच ते टोक विणीलगत कापतात.

सैलपणा : शरीराचे माप व तयार वस्त्राचे माप यांतील अंतरास सैलपणा म्हणता येईल. अंगाबरोबरच्या स्वेटरला छातीवर २·५ ते ५ सेंमी., नेहमीच्या वापराच्या स्वेटरला ५ ते १० सेंमी. आणि ऐसपैस स्वेटरला १० ते १५ सेंमी. सैलपणा साधारणपणे ठेवतात. आत जाड सदरा घालावयाचा असेल, तर माप त्या सदऱ्यावरूनच घ्यावे. जाड लोकरीची वीण स्वतःच काही जागा खाते, म्हणून तिला सैलपणा अधिक लागतो. ज्या स्त्रियांच्या छातीचा घेर काखेलगतच्या घेरापेक्षा बराच जास्त असतो, त्यांच्यासाठी काखेलगतच्या घेरावरून खांदे व गळा ठरवून पुढच्या भागात अर्ध्या ओळी विणून उंची वाढविणे चांगले. सर्वांत मोठ्या घेरावरून सगळा स्वेटर बेतला, तर खांदे उतरतात. अमेरिकेत स्थायिक झालेल्या एलिझाबेथ झिमरमन या इंग्लिश लेखिकेने छापील मापांऐवजी प्रमाणांवर आधारलेली सोपी रीत लोकप्रिय केली. तीत घेराचे टाके शंभर धरल्यास मनगटाचे सु. वीस, दंडाचे सु. तेहतीस व गळ्याचे सु. चाळीस येतात. तिचे निटिंग विदाउट टिअर्स हे पुस्तक १९७१ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी बार्बरा वॉकर हिचे निटिंग फ्रॉम द टॉप प्रसिद्ध झाले. त्यातील पद्धतीत स्वेटर गळ्यापासून खाली विणतात व मधूनमधून अंगावर घालून पाहतात, त्यामुळे पारख शेवटापर्यंत थांबत नाही. शिवणही जवळजवळ लागत नाही. मात्र जड लोकरीचा असा स्वेटर शिवणीच्या आधाराअभावी वापराने अधिक ओघळतो, ही त्याची उणी बाजू आहे.

पारख : तयार स्वेटर धुऊन, पूर्ण वाळवून, ज्या कपड्यावर घालावयाचा त्यावर घालून आरशात पुढून, बाजूने व पाठीकडून पाहतात. माणूस ताठ उभा असतानाच नव्हे, तर हात वर केले, पुढे घेतले व बसला असता काय होते तेही पाहावे. प्रथम खांदे पाहावेत; बाकीचे दोष पुष्कळदा तेथूनच निघतात. बसत्या बाहीच्या स्वेटरमध्ये बाहीची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकावर असावी. ती दंडावर उतरत असेल तर पाठ रुंद झाली आहे किंवा गळा मोठा झाला आहे. यांतील दुसरे कारण सहसा लक्षात येत नाही. गळा रुंद असला, की दोन्ही खांदे बाहेर सरकतात आणि बाह्या लांब वाटतात. बाही आखूड करून हा दोष जात नाही. गळ्याची पट्टी उसवून कमी टाक्यांवर किंवा बारीक सुयांवर पुन्हा विणली की बाही आपोआप मनगटावर येते.

सुरकुत्यांची दिशा दोषाचे स्थान दाखविते. छातीवर आडव्या ताणलेल्या रेषा दिसल्यास घेर कमी आहे. काखेतून गळ्याकडे तिरप्या चुण्या जात असल्यास मुंढा उथळ आहे. काखेखाली पिशवीसारखी लोंबण असल्यास तो खोल आहे. खोल मुंढा सोयीचा वाटतो, पण त्यामुळे हात वर करताच सगळा स्वेटर कमरेपासून उचलला जातो. काखेलगत बसणारा मुंढाच हालचालीस मोकळा असतो. मानेमागे आडवी घडी पडत असेल, तर पाठीचा गळा पुरेसा खोल नाही किंवा खांद्यांना उतार दिलेला नाही. स्वेटर मागे सरकून पुढचा गळा कंठाला लागत असेल, तर पुढचा व मागचा गळा यांतील उंचीचा फरक कमी पडला आहे. खालची पट्टी कमरेवर चढत असेल, तर ती नितंबांच्या मानाने अरुंद आहे. उंचीविषयी निर्णय मात्र लगेच घेऊ नये. जड स्वेटर एक दिवस वापरल्यावर थोडा खाली उतरतो, आणि छातीवर ताणला जाणारा स्वेटर तेवढाच आखूड होतो. नवख्यांनी आपल्या अंगाला चांगला बसणारा जुना स्वेटर सपाट पसरून त्याची मापे नव्या स्वेटरशी ताडून पाहावीत. शरीरावर फीत लावण्यापेक्षा ही रीत अनेकदा अधिक विश्वसनीय ठरते.

दुरुस्ती : कापलेले कापड वाढविता येत नाही, विणलेले वस्त्र मात्र बहुतेक बाबतींत सुधारता येते. बंद केलेल्या टोकाकडून वीण सहज उसवते, सुरुवातीच्या टोकाकडून ती तशी उसवत नाही. म्हणून खालून वर विणलेल्या स्वेटरची उंची बदलावयाची असल्यास पट्टीच्या वर एका ओळीतील एक टाका कापून तो धागा ओळभर ओढून काढतात. वस्त्राचे दोन भाग होतात. वरच्या भागाचे मोकळे टाके सुईवर घेऊन हवी तेवढी उंची वाढवितात किंवा कमी करून नवी पट्टी खाली विणतात. घेर थोडा जास्त असल्यास बाजूची शिवण एका-दोन टाक्यांनी आत घेता येते. कमी असल्यास काखेखाली उभी पट्टी विणून जोडता येते. घेर फारच चुकला असेल, तर ओल्या स्वेटरला ओढून मोठे करण्याचा मोह टाळावा, कारण पुढच्या धुलाईत तो मूळ मापाला येतो. अशा वेळी स्वेटर उसवणे हाच मार्ग. उसवलेली लोकर कुरळी असते. ती खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी करतात, चार ठिकाणी सैल बांधतात, कोमट पाण्यात भिजवून टांगून वाळवितात. मग ती सरळ होऊन पुन्हा विणण्याजोगी होते. विरलेले कोपर व झिजलेली मनगटे वगळून जुन्या स्वेटरची लोकर नव्या लोकरीबरोबर पट्टेदार विणण्याची काटकसर अनेक घरांत चालत आलेली आहे.

लहान मुलांचे स्वेटर : बाळाचे डोके धडाच्या मानाने मोठे असते. नवजात बालकाच्या डोक्याचा घेर सु. ३५ सेंमी. म्हणजे छातीच्या घेरापेक्षाही किंचित अधिक असतो. त्यामुळे बंद गळ्याचा स्वेटर बाळाला घालणे कठीण जाते. तो पुढून किंवा खांद्यावर उघडणारा असावा. गुंड्या सपाट, लहान व पक्क्या शिवलेल्या असाव्यात. बाळ तोंडात घालील अशा टिकल्या किंवा गळ्याला बांधावयाचे लांब बंद असू नयेत. रंगीत नक्षीत मागे सुटे धागे राहतात, त्यांत बाळाची बोटे अडकतात, म्हणून आतील बाजू शक्यतो साधी ठेवतात. शिवणी आतून हाताला लागत नाहीत ना हे बोट फिरवून पाहावे. विणण्यास महिना-दोन महिने लागत असल्याने माप आजच्या बाळाचे न घेता थंडी येईल तेव्हाच्या वयाचे धरावे लागते. वाढत्या मुलांसाठी बाही वरून खाली विणतात आणि मनगटाची पट्टी दुप्पट लांब करून दुमडून ठेवतात. मूल वाढले की घडी उलगडतात, आणि तीही पुरेनाशी झाली की शेवटची ओळ उसवून उरलेल्या लोकरीने पुढे विणतात. त्यासाठी त्याच रंगाचा एखादा लहान गुंडा, स्वेटरबरोबर एकदा धुऊन, जपून ठेवलेला असावा. नवी न धुतलेली लोकर जुन्या विणीत रंगाने वेगळी उठून दिसते.